सॅम्पल खराब नव्हतं

एमबीबीएसनंतरचं बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढलं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर होणारा जीवघेणा हेल्प सिंड्रोम (HELLP) तोंडपाठ होता: तांबड्या पेशी फुटतात, यकृताचं एसजीओटी ७० च्या वर, पेशी फुटल्याचं सांगणारं एलडीएच ६०० च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली. वॉर्डात मात्र तो 'पित्त' हे नाव लावून येतो.

बाळंतपणाचा दुसरा दिवस. रात्री दहाच्या राउंडला ती म्हणाली, "डॉक्टर, छातीखाली लय दुखून रायलं जी, उमासे येते." बीपी १३८/८८. मी अॅसिडिटीचं पॅन्टॉप लिहिलं आणि क्वार्टरवर जाऊन झोपलो. तिचं गरोदरपणातल्या तपासण्यांचं (एएनसी) कार्ड उघडलं असतं तर नऊ महिने १००/६० दिसलं असतं. बीपी फार चढलेलं नसताना, लघवीत प्रोटीन नसतानाही हेल्प होतो. आणि बाळंतपण झालं की धोका टळला असंही नाही. बऱ्याच जणींना तो नंतरच्या ४८ तासांतच गाठतो.

पहाटे लॅबवाल्या दादांचा निरोप आला, सॅम्पल हेमोलाइज झालं (तांबड्या पेशी फुटल्या), पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. मी सिस्टरवर खेकसलो आणि ऐटीत स्वतः रक्त काढलं; दुसरा हात, मोठी सुई, पट्टा लगेच सोडला. सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब निघाली तर वरचं सीरम रूहअफजासारखं गुलाबी. पेशी ट्यूबमध्ये नाही, तिच्या अंगातच फुटत होत्या. लघवीच्या पिशवीत कोरा चहा. भरतीच्या वेळी एक लाख साठ हजार असलेल्या प्लेटलेट आता ७२ हजार. सिस्टरची माफी मी त्याच टेबलापाशी मागितली.

तोवर बीपी १६४/११२ झालं होतं. ते उतरवायला लॅबेटालॉल दिलं. झटके टाळणाऱ्या मॅग्नेशियमचा कमरेतला डोस हाताशी होता, पण प्लेटलेट पडल्या असताना तिथे हेमॅटोमा (रक्ताची गाठ) होतो, म्हणून ४ ग्रॅम शिरेतून, सावकाश. एलडीएच बाहेरून यायचं होतं. त्याची वाट पाहिली नाही. दुखणं कमी करायला डायक्लोफेनॅकही नाही.

आपल्याकडे गोंधळ घालणारे पाहुणे बरेच. पावसाळ्यात डेंग्यू आणि स्क्रब टायफस प्लेटलेट पाडतात, पण तिथे बहुतेकदा ताप आधी असतो. सिकलसेलमध्ये कावीळ आणि एलडीएच एरवीही वाढलेलं असतं, म्हणून सिकलसेलचं कार्ड विचारा. पण सिकल आहे म्हणून हेल्प नाही, असं समजू नका. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) तुटक्या, हेल्मेटसारख्या पेशी दिसल्या तर मोठा आधार. ग्लुकोमीटर लावा: साखर घसरलेली असेल, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला असेल, तर गरोदरपणातलं फॅटी लिव्हर डोक्यात आणा.

तिला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवलं, आधी फोन करून, कारण तिथल्या ब्लड बँकेला तयारीला वेळ लागतो. रुग्णवाहिका येईपर्यंत सिस्टरने न विचारता साध्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त घेऊन मुठीत धरलं. सात मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर गोठण्याची यंत्रणाच ढासळली समजायचं. झाली. तिथे दर सहा तासांनी मोजताना प्लेटलेट ४१ हजारांपर्यंत उतरल्या, मग चढू लागल्या. नवव्या दिवशी माय-लेक घरी गेले.

अशी एक ट्यूब तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये असते.