दहा फेऱ्यांत खरोखर किती कॅलरी जळतात?

पावसाची झड लागली की रंकाळ्यावर पळायला जाता येत नाही. म्हणून जूनपासून मी राजारामपुरीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच दोरीच्या उड्या मारते. अर्धा मिनिट जीव तोडून उड्या, मग एक मिनिट रमतगमत चालायचं. अशा दहा फेऱ्या, आणि आधी-नंतर पाच-पाच मिनिटं नेहमीच्या चालीनं चालणं. घड्याळ २६० कॅलरी दाखवतं. माझ्या हिशेबात निम्म्याच भरतात.

हिशेबाला 'मेट' लागतो. गप्प बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तो १ मेट. रमतगमत चालणं ३, नेहमीची चाल साडेतीन, मिनिटाला १०० ते १२० उड्या साधारण १२. मेट गुणिले ३.५ गुणिले आपलं वजन, भागिले २०० केलं की एका मिनिटाच्या कॅलरी मिळतात.

माझं वजन ६४ किलो. उड्यांचे मिनिटाला १३.४ येतात. इथंच बहुतेकजण फसतात, कारण ते सबंध १५ मिनिटांना १३.४ नं गुणतात आणि २०० काढतात. अहो, उड्या पाचच मिनिटं मारल्यात! त्यांचे ६७. मधल्या दहा मिनिटांच्या चालण्याचे ३४, आधी-नंतरचे ३९. एकूण १४०. विसाव्यात आपण धापा टाकत असतो, तेव्हा ३ मेट कमी वाटतो खरा. पण फेरी सुरू होताना शरीर लगेच पूर्ण प्राणवायू घेत नाही, तो राहिलेला हिशेब विसाव्यात चुकता होतो, आणि उड्यांना पूर्ण १२ मेट धरल्यानं तो आधीच मोजला गेलाय.

यातून २८ वजा करा. ही २५ मिनिटं नुसतं बसून काढली असती तरी तेवढ्या खर्चल्याच असत्या. राहिल्या ११२. व्यायामानंतरही थोडा वेळ खर्च चढा राहतो, त्याचे १४० च्या ६ ते १५ टक्के, म्हणजे ८ ते २१ मिळवा. दिवसभर चरबी जळत राहते असं सांगणाऱ्यांवर कृपा करून विश्वास ठेवू नका. माझा आकडा १२० ते १३३ च्या दरम्यान.

घड्याळ नाडीवरून अंदाज बांधतं, आणि विसाव्यात खर्च उतरला तरी नाडी चढलेलीच असते. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रं तपासली, तेव्हा त्यातलं सगळ्यात चांगलंसुद्धा कॅलरींत सरासरी २७ टक्के चुकलं होतं.

बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं मला भाकरीसाठी लागतं. ज्वारीच्या एका भाकरीला मी ६० ग्रॅम पीठ घेते, त्यात साधारण २०० कॅलरी. घड्याळावर भरवसा होता तेव्हा उड्या झाल्या की एक भाकरी जास्तीची खायची मी, आणि वजन हलायचं नाही. आता जास्त भूक लागली तर अर्धी घेते. शेवटच्या फेऱ्यांत अर्ध्या मिनिटात ५० उड्याही होत नाहीत, त्या फेऱ्यांना १२ ऐवजी ९ धरते.