बालसंस्थेतील क्षेत्रकार्य : या चुका टाळा

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना पावसाळ्याच्या सुमारास क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या प्रत्यक्ष कामासाठी, संस्था नेमून दिली जाते आणि त्यानंतर परीक्षा जवळ येईपर्यंत आठवड्याचे ठरलेले दिवस त्यांना तिथे काढायचे असतात. ठाणे आणि नवी मुंबईत ही नेमणूक वागळे इस्टेट, कळवा, दिघा किंवा तुर्भे यांसारख्या भागांतील वस्त्यांत बालवाडी आणि अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेत होऊ शकते, रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या संस्थेत होऊ शकते किंवा बाल कल्याण समितीच्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीच्या) आदेशाने दाखल झालेल्या मुलांच्या बालगृहात होऊ शकते. विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करताना या सगळ्या ठिकाणी त्याच त्या चुका दिसतात. त्या आळसातून क्वचितच होतात. मुलासाठी लवकरात लवकर, डोळ्यांना दिसेल असे काहीतरी करून दाखवण्याच्या घाईतून होतात. विद्यार्थी मुलाच्या आयुष्यात काही महिन्यांपुरता आलेला असतो आणि तोही संस्थेच्या जबाबदारीवर. एवढे विसरले की पुढच्या बहुतेक चुका ओघाने येतात.

संस्था काम देत नाही, ही तक्रार

पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ही तक्रार महाविद्यालयातील पर्यवेक्षकांकडे करतो. मुलांशी थेट बोलू देत नाहीत, नुसते बसवून ठेवतात, असे त्याचे म्हणणे असते. अशा वेळी घाईघाईने स्वच्छतेवर किंवा मोबाइलच्या वापरावर एखादे सत्र घेऊन टाकणे ही पहिली चूक होय, कारण ते सत्र मुलांच्या गरजेतून येत नाही, हजेरीच्या गरजेतून येते, आणि मुलांना ते लगेच कळते. या दिवसांत संस्थेची दाखल-नोंदवही, हजेरीपट, भेट देणाऱ्यांची नोंदवही आणि बाल संरक्षण धोरण वाचून काढावे. संस्था बालगृह असेल तर तिची बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी कशी झाली आहे, प्रत्येक मुलामागे कोणता केसवर्कर (त्या मुलाचे प्रकरण सांभाळणारा कार्यकर्ता) आहे आणि आदेश कोणाकडून येतात, हे समजून घ्यावे. इतके वाचल्यानंतर विद्यार्थी जो प्रश्न विचारतो त्यावरून संस्थेतील माणसे त्याच्यावर काय सोपवायचे ते ठरवतात. महिना उलटूनही केवळ झेरॉक्स काढणे आणि कार्यक्रमाची सजावट एवढेच हाती येत असेल, तर मात्र गप्प बसू नये. संस्थेतील पर्यवेक्षकांकडे लेखी कामाचा आराखडा मागावा आणि त्याची एक प्रत महाविद्यालयात द्यावी.

कुलूप लागलेले घर आणि ‘असहकारी’ पालक

विद्यार्थी सकाळी अकराच्या सुमारास वस्तीत जातो, दाराला कुलूप असते, तो परत येतो आणि अहवालात ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असे लिहितो. तुर्भे किंवा रबाळे परिसरातील वस्त्यांत सकाळी अकरा ही घरी कोणी नसण्याचीच वेळ असते. नाक्यावर मजुरीसाठी उभे राहणारे वडील सातच्या आधीच निघालेले असतात आणि वाशी, नेरूळच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारी आई दुपारी घरी येते. ती आली की पाणी, स्वयंपाक आणि लहान मूल यांत अडकलेली असते, त्यामुळे त्या वेळी दार उघडले तरी बोलणे दारातच संपते. शेजारणीकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून घरातील माणसांची वेळ आधी विचारून घेतली, तर चार फेऱ्यांचे काम एका भेटीत होते. क्षेत्रकार्याचे तास दहा ते पाच असे ठरलेले असले, तरी संध्याकाळच्या किंवा रविवारच्या गृहभेटीसाठी पर्यवेक्षकांची लेखी परवानगी घेऊन तास बदलून मिळतात. अशा भेटीला एकट्याने जाऊ नये, संस्थेचा कार्यकर्ता सोबत असावा.

कुटुंबाच्या दिनक्रमाला काम जुळवून घेणे ही काही कुटुंबावर केलेली मेहेरबानी नव्हे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नलवर दिवस काढणाऱ्या मुलांसाठी सिग्नल शाळा भरते ती याच विचारावर उभी आहे. मुले जिथे दिवस काढतात तिथे शाळा गेली. हाच विचार सुट्टीच्या काळालाही लावावा. दिवाळीत आणि मे महिन्यात मजुरांची कुटुंबे गावी जातात, मुलांची हजेरी एकदम घसरते आणि नवखा विद्यार्थी आपला गटकार्याचा (मुलांच्या गटासोबत करायचा) उपक्रम फसला असे समजून खचतो. उपक्रमाचे वेळापत्रक आखतानाच गावी जाण्याचे दिवस पालकांना विचारून घ्यावेत.

भाषेची अडचण याच्याशीच जोडलेली आहे. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा), कन्नड किंवा तेलुगू बोलणारे मूल मराठी अभ्यासिकेत गप्प बसते, आणि ‘अभ्यासात मागे’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. मुलाला हिशेब त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहिल्याशिवाय असा शेरा कधीही लिहू नये. बहुतेक वेळा मोठी बहीण किंवा शेजारचा मुलगा दुभाषी म्हणून मदत करतो. घरातील खासगी गोष्टी विचारायच्या असतील तेव्हा मात्र मुलांना दुभाषी करू नये.

‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन

सगळ्यांत गंभीर चूक ही आहे, आणि ती सगळ्यांत प्रेमळ विद्यार्थ्यांकडून होते. मुलाचा विश्वास बसू लागतो, एखाद्या दुपारी ते म्हणते, ‘ताई, एक सांगू? पण कोणाला सांगायचे नाही,’ आणि ताई होकार देऊन मोकळी होते. त्यानंतर मूल जे सांगते ते लैंगिक अत्याचाराविषयीचे असेल, तर तो होकार पाळणे कायद्याने शक्य नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते किंवा घडण्याची शंका येते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ यात विद्यार्थीही येतो. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही, असेही त्याच कलम १९ मध्ये स्पष्ट केले आहे. विद्यार्थ्याने होकार दिलेला असला आणि दोन दिवसांनी पोलीस घरी आले, तर ते मूल पुढे कित्येक वर्षे कोणाही मोठ्या माणसावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून उत्तर आधीच तयार ठेवावे, आणि ते मुलाच्या वयाला समजेल इतके साधे असावे. ‘तू मला सांगू शकतोस. कोणी तुला त्रास देत असेल तर तो थांबवण्यासाठी मला एका मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल, आणि कोणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन.’ एवढे ऐकूनही बहुतेक मुले सांगतात, कारण त्यांना गुपितापेक्षा मदत हवी असते. काही मुले त्या दिवशी थांबतात. त्यांना थांबू द्यावे, पण शंका येण्याजोगे काही दिसले असेल तर ते त्याच दिवशी पर्यवेक्षकांच्या कानावर घालावे.

मूल बोलू लागल्यावर होणारी पुढची चूक म्हणजे चौकशी. कोणी, कधी, किती वेळा, कुठे असे प्रश्न एकामागून एक विचारून विद्यार्थी सगळी हकिकत जाणून घेऊ पाहतो. जबाब घेणे हे विद्यार्थ्याचे काम नाही. पोक्सोच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. मुलाला तीच गोष्ट पाच माणसांना पाच वेळा सांगावी लागू नये यासाठी विद्यार्थ्याने फक्त ऐकावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच तासात लिहून ठेवावेत, वेळ व ठिकाण नोंदवावे आणि संस्थेतील पर्यवेक्षकांना लगेच सांगावे. पर्यवेक्षक ‘बघू नंतर’ म्हणाले किंवा संस्थेतीलच माणसावर आरोप असला, तरी विद्यार्थ्याचे कर्तव्य संपत नाही. महाविद्यालयातील पर्यवेक्षकांना सोबत घेऊन त्याने स्वतः पोलिसांना कळवावे. मुलाला तातडीच्या मदतीची गरज असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास आणि विनाशुल्क उपलब्ध असते. तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली, तीही समाजकार्य शिकवणाऱ्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्याच पुढाकाराने.

स्थानकावर एकटे सापडलेले मूल स्वतःच्या घरी किंवा वसतिगृहात नेऊन ठेवणे, ‘सकाळी बघू’ म्हणणे, हे कितीही माणुसकीचे वाटले तरी करू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. तसेच बालगृहातील मुलाला ‘मी तुला घरी पाठवते’ असे सांगू नये. तो निर्णय अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली समिती घेते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा हे कायद्याचेच तत्त्व आहे, त्यामुळे विद्यार्थ्याची तळमळ चुकीची नसते. ती सामाजिक तपासणी अहवालासाठी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या अहवालासाठी, केसवर्करला नीट माहिती गोळा करून देण्यात वापरावी.

फोटो

याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण नियम सरळ आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार समितीसमोर आलेल्या किंवा प्रकरणात अडकलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला तरी गणवेशावरील शाळेचे चिन्ह आणि मागची ओळखीची भिंत दिसतच असते. मित्रांचा व्हॉट्सॲप गट आणि स्टेटस हीही प्रसिद्धीच समजावी. अहवालासाठी छायाचित्र लागलेच, तर ते संस्थेच्या परवानगीने संस्थेच्याच कॅमेऱ्यावर घ्यावे. वस्तीतील अभ्यासिकेच्या मुलांनाही हाच दंडक लावावा.

रेकॉर्डिंग

क्षेत्रकार्याचे रेकॉर्डिंग, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, ही नुसती सादर करायची एक वही, असा समज पसरलेला आहे, आणि त्यामुळे आठवड्याचे रेकॉर्डिंग सादर करण्याच्या आदल्या रात्री, आठवेल तसे लिहिले जाते. अशा लिखाणात मूल हरवते आणि विशेषणे उरतात. ‘मुलगा आक्रमक व हट्टी आहे, त्याच्यात सुधारणा आवश्यक आहे,’ हे वाक्य कोणत्याही मुलाच्या फायलीत चालेल, म्हणून ते कोणत्याच मुलाच्या उपयोगाचे नाही. तीच नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येते : ‘रंगीत खडू वाटताना तो दुसऱ्या रांगेत होता. त्याची पाळी येईपर्यंत निळा खडू संपला. त्याने शेजारच्या मुलाच्या हातातील खडू ओढला, तो मोडला. ताईंनी आवाज चढवल्यावर तो कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसला. दहा मिनिटांनी मोडलेला अर्धा खडू त्याने स्वतःहून परत दिला.’ या नोंदीत खडू वाटण्याची पद्धत दिसते, ताईंचा चढलेला आवाज दिसतो, आणि मुलाने स्वतःहून केलेली भरपाईही दिसते. पुढच्या वेळी काय बदलायचे हे त्यातच लिहिलेले आहे, आणि बदल मुलाच्या आधी वाटपात करायचा आहे.

पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले या तीन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी. मुलाचे खरे नाव महाविद्यालयात जाणाऱ्या प्रतीत लिहू नये. ठाणे–वाशी लोकलमध्ये बसून मोबाइलवर टिपणे काढताना शेजारचा प्रवासी वाचत असतो, हेही लक्षात ठेवावे. दुसऱ्या विद्यार्थ्याचे जुने रेकॉर्डिंग समोर ठेवून लिहिलेले पर्यवेक्षकांच्या पहिल्याच पानावर लक्षात येते, कारण मुले तशी एकसारखी वागत नाहीत.

आईच्या वतीने सगळे उरकणे

शाळाबाह्य मुलाला दाखल करायचे असते. विद्यार्थी उत्साहाने अर्ज भरतो, मुख्याध्यापकांना भेटतो, मुलाला वर्गात बसवून येतो आणि अहवालात ‘प्रवेश मिळवून दिला’ असे लिहितो. पुढच्या जूनमध्ये गणवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी कागद लागतात तेव्हा त्या आईने शाळेचे कार्यालय कधी पाहिलेलेच नसते, विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो आणि मूल पुन्हा घरी बसते. प्रत्येक पायरीला आईला सोबत न्यावे, बोलणे तिने करावे, आपण शेजारी उभे राहावे. यात वेळ दुप्पट लागतो आणि तो लागू द्यावा. मात्र कायदा आपल्याला पाठ असला पाहिजे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचे असते. हे आईलाही सांगून ठेवावे, म्हणजे पुढच्या मुलाच्या वेळी ती स्वतः सांगेल.

वह्या, कपडे, खाऊ यांच्या भेटी एकेका मुलाला देऊ नयेत. काही द्यायचेच असेल तर ते संस्थेमार्फत सगळ्यांसाठी असावे.

निरोप

क्षेत्रकार्याचा शेवट केक कापून, गाणी म्हणून आणि रडून केला जातो, आणि पुढच्या आठवड्यात मुले दाराकडे बघत बसतात. बालगृहातील मुलांना आधीच बरीच माणसे न सांगता सोडून गेलेली असतात. त्यांच्यासाठी हा शेवट आणखी एक भर घालतो. आपण कोणत्या महिन्यापर्यंत येणार हे पहिल्याच ओळखीत सांगावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलांकडूनच खूण करून घ्यावी. शेवटच्या महिन्यात दर भेटीला उरलेल्या भेटी मोजाव्यात. या काळात काही मुले अचानक भांडखोर होतात किंवा बोलणेच टाकतात. ती बिघडली असे समजू नये. राग दाखवायला त्यांना सुरक्षित माणूस मिळालेला असतो आणि तो राग ऐकून घेणे हे त्या महिन्याचे मुख्य काम असते. ‘मी भेटायला येत जाईन’ असे म्हणू नये आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊ नये. मुलाला बोलावेसे वाटले तर कोणाकडे जायचे त्या कार्यकर्त्याचे नाव सांगावे आणि शक्य झाल्यास त्या दोघांना एकत्र बसवून ओळख घट्ट करून द्यावी.

शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक मुलामागे एक पान संस्थेच्या फायलीला लावावे : मुलाशी काय ठरले होते, त्यातले काय झाले, कोणता कागद कोणत्या कार्यालयात अडकला आहे, पुढची तारीख कोणती, घरी कोणत्या वेळी माणसे भेटतात आणि मूल कशाने शांत होते. त्या पानावर केसवर्करची सही घ्यावी आणि प्रत संस्थेतच ठेवावी.