ख्रिस्ती घरातलं होमस्कूलिंग: पुस्तकं मागवण्याआधी दहावी ठरवा

होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवायचा, निर्णय झाला की बहुतेक ख्रिस्ती आईवडील आधी अमेरिकन अभ्यासक्रमांच्या किमती पाहायला लागतात. अबेका, बीजेयू प्रेस, एसीई, सॉनलाइट, अपोलोजिया अशी यादी तयार होते. मंडळीतलं कुणीतरी "आमच्याकडे जुना संच पडलाय, घेऊन जा" म्हणतं आणि महिन्याभरात कपाट भरतं. हेतू चांगलाच असतो, क्रम तेवढा चुकतो. आधी ठरवायचं ते मूल दहावी कुठून देणार हे. सहा वर्षांच्या मुलासाठी हा प्रश्न फार लांबचा वाटतो. पण गणित कुठलं घ्यायचं, मराठी किती शिकवायची, विज्ञान कसं हाताळायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रात राहणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या आणि रविवारी मराठी उपासनेला जाणाऱ्या कुटुंबांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. पाळकांच्या घरी बदल्यांमुळे होमस्कूलिंग सुरू होतं, कुणाकडे श्रद्धेमुळे, कुणाकडे मुलाच्या तब्येतीमुळे. कागद मात्र सगळ्यांना सारखेच लागतात.

दहावीचे रस्ते

सगळ्यात रुळलेला रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९८९ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. विषय किमान पाच, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, म्हणून दोन विषय या खेपेला आणि तीन पुढच्या खेपेला असं वाटून देता येतं. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. वीस टक्के भार टीएमए या घरी लिहायच्या स्वाध्यायांचा असतो. अभ्यासात चांगली असलेली मुलंही इथे गुण घालवतात, कारण स्वाध्याय जमा करायची तारीख घरात कुणीच पाहिलेली नसते. नोंदणी झाली त्याच दिवशी ती तारीख कॅलेंडरवर लिहून टाका.

विषय निवडताना आणखी एक चूक वारंवार होते. गणित (विषय क्रमांक २११) आणि विज्ञान (२१२) अवघड वाटतात म्हणून गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय घेतले जातात. गुण छान पडतात. मग सोळाव्या वर्षी मुलगी म्हणते, मला सायन्सला जायचंय. मुलाचा कल नक्की कळलेला नसेल तर गणित, विज्ञान, इंग्रजी (२०२), मराठी (२०४) आणि सामाजिक शास्त्र (२१३) हेच पाच ठेवा. चित्रकला हवीच असेल तर सहावा विषय म्हणून घ्या.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बहिस्थ म्हणून दहावी द्यायचा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल काही वर्षं शाळेत होतं त्याचा दाखला असतो. जे कधी शाळेत गेलंच नाही त्याच्याकडे तो नसतो, आणि तिथे अडतं. म्हणून मुलाला शाळेतून काढत असाल तर दाखला त्याच वेळी हातात घ्या. चार वर्षांनी मागायला गेलात की हेलपाटे सुरू होतात. कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी एनआयओएस बरं.

तिसरा रस्ता केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा. खासगी उमेदवार स्वीकारणारी शाळा मोठ्या शहरांतच सापडते आणि प्रत्येक विषयाची फी वेगळी असते. परदेशी विद्यापीठ डोक्यात असेल तरच याचा विचार करा. आणि अमेरिकन अभ्यासक्रमाचं स्वतःचं प्रमाणपत्र इथे दहावीच्या जागी चालेल असं मात्र धरून चालू नका.

कायद्याबद्दल थोडक्यात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांना या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगचं नावही त्यात नाही, परवानगीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले तर घाबरू नका आणि हुज्जतही घालू नका. त्यांना बसवा, चहा द्या, मुलाच्या वह्या दाखवा. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, वर्षाच्या कामाचे नमुने आणि विषयांची यादी एका फाइलमध्ये असली की बोलणं दहा मिनिटांत संपतं.

विकतचे अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसे चालतात

एसीईची रचना सगळ्यात वेगळी आहे. वर्षाचं एक जाड पुस्तक नसतं. प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ पातळ पुस्तिका असतात, त्यांना पेस म्हणतात. गणित, इंग्रजी, शब्दसंग्रह, विज्ञान, समाजशास्त्र असे पाच विषय धरले तर वर्षाच्या साठ पुस्तिका होतात. सुरुवातीला एक चाचणी घेऊन मूल कुठे कच्चं आहे ते पाहतात आणि तिथल्या पुस्तिका आधी देतात. ही चाचणी टाळून वयाप्रमाणे थेट इयत्ता घेतली की तिसऱ्या-चौथ्या पुस्तिकेपाशी मूल रुतून बसतं. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी परीक्षा, आणि ८० टक्के मिळाले तरच पुढची पुस्तिका.

लहान भावंडं असलेल्या आईला ही पद्धत सोयीची, कारण मूल स्वतः वाचतं, स्वतः लिहितं आणि उत्तरतालिकेवरून स्वतः तपासतं. धोकाही नेमका तिथेच आहे. मूल आधी तालिका पाहतं, मग रकाना भरतं. यावर उपाय साधा: तालिका वेगळ्या टेबलावर, तिथे फक्त लाल पेन, पेन्सिल न्यायची नाही. दुसरा धोका लवकर दिसत नाही. रिकाम्या जागा भरताना मूल परिच्छेदातला शब्द हुडकून उतरवतं, आशय डोक्यात जात नाही. म्हणून रोज एका विषयाची पुस्तिका मिटून "आता मला सांग, काय वाचलंस?" असं विचारा. पाच वाक्यं मराठीत सांगता आली तर समजलं.

अबेका भरगच्च आहे. त्याची दैनिक टाचणं, म्हणजे रोजच्या पाठाची आखणी, वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेला धरून लिहिलेली असतात, आणि घरातली आई पानन्‌पान पूर्ण करायला जाते. दोन महिन्यांत तीही थकते आणि मूलही. सराव निम्मा केला तरी काही बिघडत नाही. अडलेल्या प्रकाराची उदाहरणं पूर्ण करा, येणाऱ्यांची दोन-तीन पुरेत.

सॅक्सनचं गणित धार्मिक नाही, तरी अनेक ख्रिस्ती घरांत ते असतं. थोडंथोडं नवं आणि रोज जुन्याची उजळणी, ही त्याची ताकद. उजळणीची उदाहरणं वगळली तर मात्र त्यात काहीच उरत नाही.

शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्रज शिक्षिकेच्या पद्धतीवर चालणारी कुटुंबंही बरीच आहेत: लहान मुलांना १५-२० मिनिटांचे धडे, चांगली गोष्टीची पुस्तकं, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणं, निसर्गाची वही. खर्च सगळ्यात कमी, आईची तयारी सगळ्यात जास्त. आमच्या मते दहा वर्षांपर्यंत हीच पद्धत उत्तम, फक्त गणिताला तिच्या जोडीला पक्कं पाठ्यपुस्तक हवं.

संच मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. पीडीएफ घेतलीत तर छपाईची एक खोच लक्षात ठेवा. अमेरिकन लेटर कागद २१६ × २७९ मिलिमीटर, आपला ए-फोर २१० × २९७. झेरॉक्सवाल्याने मूळ आकारात छापलं तर उजवी कड कापली जाते. "फिट" केलं तर पान सुमारे ९७ टक्क्यांवर येतं आणि "पट्टीने रेघ मोजा" या गणिताचं उत्तर चुकतं. मूल बरोबर असतं, तालिका सांगते चूक. ती गणितं वहीत हाताने आखून द्या.

गणितात आणखी बरंच बदलावं लागतं. क्वार्टर, डाइम ही त्यांची नाणी आणि औंस, गॅलन ही मापं यांचे धडे सरळ सोडा आणि त्या वेळात बाजारहाटाचा हिशेब शिकवा. मोठ्या संख्यांत त्यांचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर येतो. आपला लाख-कोटीचा, १,००,००० असा. भागाकाराचं उत्तर ते वर लिहितात, आपण उजवीकडे. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण घरात एकच ठेवा. आजोबांनी एक आणि पुस्तकाने दुसरी शिकवली की मूल गोंधळतं. आणि संख्या मराठीतून बोलणारं मूल पंचवीस ऐकून आधी पाच लिहितं, मग दोन. हा आळस नाही, आपली भाषा एकक आधी बोलते. सहा महिने "दोन दशक पाच, पंचवीस" असं जोडीने म्हणवून घ्या.

मराठीची हेळसांड

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते फार उशिरा दिसतं. अभ्यास इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी. मूल मराठी छान बोलतं म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. बाराव्या वर्षी उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभं केलं की ते जोडाक्षरापाशी थांबतं. आजीचं पवित्र शास्त्र त्याला वाचता येत नाही. आपल्या श्रद्धेची भाषाच मुलाच्या हातून सुटते, आणि हे श्रद्धेसाठी घरी शिकवणाऱ्या कुटुंबात व्हावं याचं वाईट वाटतं.

पहिलीपासून बालभारतीचं मराठी पुस्तक कणा म्हणून घ्या. पीडीएफ फुकट मिळते, छापील प्रतही स्वस्त. रोज वीस मिनिटं: पाच ओळी मोठ्याने वाचन, तीन ओळी शुद्धलेखन. पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद भारदस्त आहे, त्यामुळे वाचायला शिकण्यासाठी तो वापरू नका. पाठांतराला मात्र तो सुंदर आहे. स्तोत्र २३ सहाच ओव्यांएवढं, सहा आठवड्यांत होतं. मार्काचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं, लूकचं २४. लूक १ डिसेंबरला सुरू केला तर रोज एका अध्यायाने नाताळच्या आदल्या दिवशी संपतो.

एक कळकळीची विनंती. शिक्षा म्हणून वचन पन्नास वेळा लिहायला लावू नका. त्या वचनाची चव मुलाच्या जिभेवर कायमची कडू होते.

इंग्रजी वाचन शिकवताना आपल्या मुलांची अडचण "व"ची असते. इंग्रजीत दोन उच्चार आहेत, एकात (v) वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात (w) ओठांचा चंबू होतो. मराठीत दोन्ही "व"च. अमेरिकन पुस्तक हे समजावत नाही, कारण तिथल्या मुलांना गरज नसते. आरसा समोर ठेवून दोन आठवडे रोज पाच मिनिटं करा.

इतिहास आणि विज्ञान

अमेरिकन संचातल्या इतिहासात १६२० ला इंग्लंडहून अमेरिकेत जाऊन वसलेल्या पिलग्रिम प्रवाशांसारख्या गोष्टी असतात. ते पुस्तक गोष्टी म्हणून वाचू द्या, अभ्यासाला आपला इतिहास घ्या. १८१३ ला मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन, १८४२ ला अहमदनगरला निघालेलं ज्ञानोदय हे नियतकालिक, केडगावला मुक्ती मिशन उभारून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२), रेव्हरंड ना. वा. टिळक. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तेराव्या-चौदाव्या वर्षी जरूर वाचायला द्या. त्याबरोबर शिवकाल, फुले, आंबेडकर, राज्यघटना हेही तितक्याच मनापासून शिकवा. परीक्षेत ते आहेच, आणि ज्या समाजात मूल राहणार त्याची ओळख ते देतं.

विज्ञानात अपोलोजियासारखे अभ्यासक्रम सहा दिवसांची सृष्टी शब्दशः मानून लिहिलेले आहेत. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. जीवशास्त्र उत्क्रांतीवरच उभं आहे, आणि ती मानणारे श्रद्धावान ख्रिस्तीही पुष्कळ आहेत. घरात काय मानायचं हा तुमचा निर्णय; पण डार्विनचा सिद्धांत त्याच्या पुराव्यांसकट, डार्विनला मान्य होईल अशा शब्दांत मुलाला मांडता आला पाहिजे. अर्धवट शिकवलेलं मूल अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा सगळं ऐकतं, आणि घरच्यांनी आपल्यापासून लपवलं असं त्याला वाटतं.

रोजचा दिवस

दोन खोल्यांच्या घरात वेगळी अभ्यासाची खोली नसते. पाणी, दूधवाला, सासूबाईंची औषधं, तान्हं बाळ हे धरूनच वेळापत्रक करा. सात-आठ वर्षांच्या मुलाला बसून अभ्यास दीड-दोन तास खूप झाला, दहाव्या वर्षी तीन, तेराव्यानंतर चार-पाच. प्रार्थना, शास्त्रवाचन, इतिहास, निसर्गाची वही हे सगळ्या भावंडांना एकत्र. गणित आणि भाषा प्रत्येकाची वेगळी. बाळ झोपतं तो तास गणिताचा, तो फोनला देऊ नका. आठवड्याचे चार दिवस भरा आणि पाचवा मोकळा ठेवा, कारण पाहुणे, आजारपण, मंडळीची कामं तो खाणारच. ४० आठवडे चार दिवस म्हणजे १६० दिवस होतात, तेवढे पुरतात.

वडिलांनी निदान एक विषय पूर्ण अंगावर घ्यावा. "मी मदत करीन" यातून काही होत नाही. "गणित माझं, रात्री आठ ते नऊ" यातून होतं. मुलांची संगत केवळ संडे स्कूलपुरती ठेवू नका. संध्याकाळी पाच ते सात सोसायटीच्या मैदानावर, सगळ्या धर्मांच्या मुलांत खेळू द्या.

दर तीन महिन्यांनी वेळ लावून बालभारतीच्या इयत्तेप्रमाणे लेखी पेपर घ्या. घरची मुलं तोंडी हुशार असतात आणि हात सावकाश चालतो. तीन तासांच्या पेपरात हेच नडतं. आठवीच्या वयापासून दर आठवड्याला एकदा सलग तासभर लिहिण्याची सवय हवी.

परत शाळेत घालायची वेळ आली तर उशीर करू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. जूनमध्ये जायचं असेल तर मार्चपासून मराठी लेखन आणि इतिहास-भूगोलाच्या संज्ञा मराठीतून पक्क्या करून घ्या, आणि फाइल घेऊन मुख्याध्यापकांना आधीच भेटून या.