पोलिसांना सकारात्मक विचार शिकवताना या चुका टाळा

कोल्हापुरात गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तो बंदोबस्त करून सुटलेल्या पोलिसांना थेट सभागृहात बसवून "ताण घेऊ नका" म्हणणं, ही सगळ्यात मोठी चूक. त्या माणसाला आधी झोप हवी. अंबाबाईचं नवरात्र आणि जोतिबाची चैत्र यात्रा यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. प्रशिक्षण त्या बंदोबस्ताआधी पंधरा दिवस ठेवा.

दुसरी चूक घोषणांची. "मी कणखर आहे" असं सगळ्यांकडून वदवून घेतात. पण 2009 साली कॅनडातल्या संशोधकांना दिसलं, की मुळात स्वतःविषयी कमीपणा वाटणाऱ्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्येच मांडलं होतं. सर्वांत पक्का आधार स्वतः पार पाडलेल्या कामाचा. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहण्याचा. कोरडा धीर त्यानंतर.

म्हणून व्याख्यात्याऐवजी 2019 च्या महापुरात शिरोळकडे बोटीवर असलेल्या हवालदाराला बोलतं करा. म्हैस सोडून घराबाहेर यायला तयार नसलेल्या आजीला त्याने कसं समजावलं? तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला होता का? आला होता, असं तो नव्या कॉन्स्टेबलसमोर म्हणाला, तर भीती वाटूनही काम होतं हे त्या पोराला कळेल. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

साहेब पहिल्या रांगेत असले, की कुणी खरं बोलत नाही. त्यांचं सत्र वेगळं घ्या.

एका दिवसाच्या कार्यक्रमाचा परिणाम टिकला नाही, तर स्टेशन डायरीची, म्हणजे ठाण्यात रोजच्या घडामोडी लिहून ठेवण्याची, सवय कामी आणा. ड्युटी संपल्यावर स्वतःच्या वहीत दोनच ओळी: आज काय अडलं, मी काय केलं. "जमावाला शिवी न देता मागे सारलं" एवढंही पुरे. वही कुणी तपासायची नाही, नाहीतर तिचंही रजिस्टर होतं.

आणि रजा मिळत नाही ही तक्रार "नकारात्मक विचार" म्हणून झटकू नका. ती ड्युटी लावणाऱ्याकडे न्या. कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.