विदर्भातून बटू ग्रह कधी आणि कसे पाहायचे

आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये प्रतियुतीची तारीख दिसली की बहुतेक जण त्याच रात्रीची वाट पाहतात. प्रतियुती म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि समोर दुसऱ्या बाजूला तो ग्रह. सूर्य मावळताना तो उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच येतो आणि त्याच सुमारास सर्वांत तेजस्वी असतो. नियम खरा आहे, पण विदर्भात तो अर्धाच कामाचा. इथे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आभाळाचा भरवसा नसतो, आणि प्लूटोची प्रतियुती सध्या ऐन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्यामुळे आधी पाऊस पाहायचा, मग चंद्र, आणि शेवटी प्रतियुतीची तारीख.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 24 ऑगस्ट 2006 रोजी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटू ग्रहांत टाकलं. (बटू ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा गोल, पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करू न शकलेला छोटा गोळा.) आज मान्यता असलेले बटू ग्रह पाच: सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस. नुसत्या डोळ्यांनी यातला एकही दिसत नाही. साध्या द्विनेत्रीने सेरेस दिसतो, मोठ्या दुर्बिणीने प्लूटो, आणि उरलेल्या तिघांसाठी कॅमेरा लागतो. सुरुवात सेरेसपासूनच करा.

सेरेस मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात आहे. दर 467 दिवसांनी, म्हणजे साधारण सव्वापंधरा महिन्यांनी, त्याची प्रतियुती होते आणि तेव्हा त्याची दृश्यप्रत सातच्या आसपास असते. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक, गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांची मजल सहापर्यंत.) सव्वापंधरा महिन्यांच्या या हिशेबामुळे प्रतियुतीचा ऋतू दर वेळी पुढे सरकतो. जुलै 2024 ची पावसात गेली, 2 ऑक्टोबर 2025 ची पाऊस सरता सरता आली, आणि पुढची जानेवारी 2027 च्या पहिल्या पंधरवड्यात आहे. विदर्भासाठी याहून चांगली मिळणं कठीण. थंडीचं कोरडं आभाळ, 7 जानेवारीच्या सुमारास अमावास्या, आणि सेरेस मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या परिसरात. आपल्या अक्षांशावरून हा भाग मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. प्रतियुतीच्या आधीचा आणि नंतरचा महिना-सव्वा महिना धरला, तर डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम चालतं.

7×50 किंवा 10×50 द्विनेत्री (7 किंवा 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) पुरते. स्टेलेरियम या आकाश-नकाशाच्या ॲपमध्ये स्थान म्हणून आपला तालुका टाका, तारीख आणि रात्री दहाची वेळ लावा, सेरेस शोधा आणि त्याच्याभोवतीचं सहा-सात अंशांचं आभाळ नवव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांसह छापून घ्या. 10×50 मध्ये एका वेळी साधारण एवढंच आभाळ दिसतं. ॲप जुनं असेल तर आधी लघुग्रहांचे कक्षांक, म्हणजे त्यांच्या कक्षेचे आकडे, अद्ययावत करा. इथे फार जण फसतात, कारण जुन्या आकड्यांवर सेरेसची जागा हळूहळू चुकत जाते आणि माणूस भलत्याच ताऱ्यावर बोट ठेवून घरी येतो.

नऊ-दहाच्या सुमारास अंगणात किंवा खळ्यात बाज टाका, पाय पूर्वेकडे करून उताणे पडा आणि कोपर छातीला टेकवून द्विनेत्री धरा. उभ्याने पाहिलं तर मान दुखते आणि हात थरथरल्याने सातव्या-आठव्या प्रतीचे तारे विरून जातात. पुनर्वसूपासून सुरू करून नकाशातल्या ताऱ्यांच्या आकृत्या धरत सेरेसच्या जागेपर्यंत या. तिथे तबकडी दिसणार नाही, दिसेल तो साधा ठिपका. म्हणूनच एका रात्रीचं निरीक्षण निरीक्षण म्हणून धरू नका. वहीत गोल काढून त्यातले सात-आठ तारे त्यांच्या जागी टिपा आणि तीन रात्रींनी तेच आभाळ पुन्हा पाहा. प्रतियुतीजवळ सेरेस रोज साधारण पाव अंशाला थोडं कमी सरकतो, म्हणजे तीन दिवसांत पूर्ण चंद्राच्या रुंदीहून जास्त. जो ठिपका हलला, तो सेरेस. इटलीतल्या पालेर्मोला खगोलशास्त्रज्ञ जुसेप्पे पियाझ्झींनी 1 जानेवारी 1801 च्या रात्री त्याला पाहिलं, आणि पुढच्या रात्रींत तो ताऱ्यांमधून सरकतो म्हणूनच ओळखलं.

प्लूटोची गोष्ट वेगळी. तो 5 सप्टेंबर 1989 ला सूर्याच्या सर्वांत जवळ होता. तेव्हापासून दूर जातोय आणि आता प्रतियुतीलाही 14.4 प्रतीचाच असतो. दहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून सरावलेल्या डोळ्याला तो काठावर दिसतो. बारा इंच असेल तर जीव टाकून पाहिल्याचं चीज होतं. याहून लहान दुर्बिणीत वेळ घालवू नका.

सध्या तो मकर राशीत आहे, सूर्यमार्गाच्या दक्षिणेकडच्या भागात. युरोपातून पाहणाऱ्यांना तो क्षितिजाला चिकटलेला दिसतो. विदर्भातून मात्र 45 अंशांपर्यंत चढतो. जुलै-ऑगस्ट पावसाने गेला की दोन संधी उरतात. पहिली मे महिन्यात, पहाटे साडेतीन ते सव्वाचार; पण तेव्हा धूळ असते. दुसरी, आणि आमच्या मते खरी, ऑक्टोबरमध्ये. पावसाने हवा धुतलेली असते आणि संध्याकाळी सातला, अंधार पूर्ण होताच, प्लूटो दक्षिणेला सर्वांत उंच असतो. नऊपर्यंत पाहून घ्या, नंतर तो पश्चिमेच्या धुरळ्यात उतरतो. सर्वपित्री अमावास्येच्या मागचे-पुढचे पाच-सहा दिवस याला सर्वांत चांगले. दिवाळीच्या अमावास्येवर भिस्त ठेवू नका, फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस खाली बसून राहतो. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या शेताच्या वाऱ्याखालीही उभं राहू नका. थ्रेशरची धूळ आरशावर बसते आणि आभाळही मळवते.

ऑक्टोबरची एक अडचण आधीच माहीत असावी. महिन्याच्या मध्याला प्लूटो ताऱ्यांमध्ये थबकतो, कारण त्याची वक्री चाल संपून मार्गी सुरू होत असते. प्रतियुतीजवळ तो रोज दीड कलेच्या जवळपास सरकतो (चंद्राची रुंदी 30 कला), ऑक्टोबरमध्ये मात्र दोन-तीन रात्रींत काहीच हललेलं दिसत नाही. पाहणारा निराश होतो आणि आपण चुकीचा तारा धरला असं समजतो. पहिलं रेखाटन ऑक्टोबरच्या अमावास्येला करा आणि दुसरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, चंद्र नसताना.

नकाशा पंधराव्या प्रतीपर्यंतचा हवा. न्यूटनी, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तर डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. छापण्याआधी ॲपमध्ये नकाशा तसाच फिरवून घ्या. आधी कमी शक्तीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) जागा गाठा, मग 200 ते 250 पट मोठं करा. शक्ती वाढली की आभाळाची पार्श्वभूमी काळी होते आणि अंधूक ठिपका उठून दिसतो. त्याच्याकडे थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग अंधारात जास्त संवेदनशील असतो. अर्धा मिनिट दिसून नाहीसा झाला आणि पुन्हा त्याच जागी आला, तर तो खरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा पडदा ती क्षणात मोडतो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन घड्या बांधा.

टिनाच्या छपराखाली ठेवलेली दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा. तापलेल्या आरशावरची हवा हलत राहते आणि प्लूटोसारखा ठिपका त्यात विरघळून जातो. दव पडायला लागलं की आयपीसवर तोंडाने फुंकू नका, तो आणखी धुरकटतो. जास्तीचा आयपीस खिशात गरम ठेवा आणि बदलून लावा.

जागा गावच्या एलईडी दिव्यांपासून दोन-तीन किलोमीटर दूर, दक्षिण मोकळी असलेली निवडा. मेळघाटातले माळ उत्तम. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेलं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. जंगलात रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते. शेतात जायचं असेल तर मालकाला दिवसा विचारा आणि धुऱ्यावर झटका मशीनची (जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार कुठून गेली आहे ते उजेडात पाहून ठेवा. रानडुकरांसाठी काही ठिकाणी थेट वीज सोडलेली असते, ती जीव घेते. ओलिताच्या शेतात साप निघतात, पायात गमबूट असू द्या.

हौमिया (भूतप मंडल) आणि माकेमाके (अरुंधती केश) सतराव्या प्रतीच्या आसपास आहेत, पण मार्च-एप्रिलच्या कोरड्या रात्री ते आपल्याकडे डोक्याजवळून जातात. आठ इंची दुर्बीण, ताऱ्यांबरोबर फिरणारं मोटारीचं बैठक-यंत्र आणि खगोल कॅमेरा असेल, तर एक-एक मिनिटाचे साठ-सत्तर फोटो काढून एकत्र करा, दोन रात्री सोडून तसेच पुन्हा काढा आणि दोन्ही चित्रं आळीपाळीने पडद्यावर लावा. जो ठिपका हलला, तोच आपला. तिमिंगल मंडलातला एरिस ऑक्टोबरमध्ये समोर येतो, पण 18.7 प्रतीचा. त्याच्यासाठी फोटोंचा एकूण वेळ तीन-चार तासांवर न्या आणि दोन चित्रांत निदान आठवड्याचं अंतर ठेवा, कारण तो यांच्याहून हळू सरकतो.