न्यूरोडायव्हर्जंट क्लायंट आला की सेशन कसं घ्यायचं

न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्याचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतो असा, उदाहरणार्थ ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं जड जाणं) असलेला प्रौढ माणूस थेरपीसाठी तुमच्याकडे येतो तेव्हा बऱ्याचदा आधी एक-दोन थेरपिस्ट करून आलेला असतो आणि 'तुम्ही मनावरच घेत नाही' हे ऐकून कंटाळलेला असतो. त्यामुळे नुसतं गोड बोलून विश्वास बसत नाही. सेशन कसं चालवायचं हे दोघांनी मिळून ठरवलं की बसायला लागतो.

सुरुवात भेटायच्या आधीच करा. किती वेळ चालेल, खोलीत कोण असेल, साधारण काय विचारणार, हे मेसेजमध्येच लिहून टाका. ट्यूबलाइटचा, एसीच्या आवाजाचा, परफ्यूमचा त्रास होतो का तेही विचारा, आणि ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल हे आपणहून सांगा, कारण मागायला लोक संकोचतात. ऑटिझमच्या निकषांत आवाज-उजेड-स्पर्शाचा हा त्रास २०१३च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकापासून, आहे, तरी आपल्या खोलीत तो पांढराफटक उजेड असतोच!

पहिल्याच भेटीत तोंडाने सांगा की माझ्याकडे बघून बोलायची गरज नाही, हात हलवा, डुला, येरझाऱ्या घाला, काही प्रॉब्लेम नाही. हे तुमच्या नुसतं मनात असून उपयोग नाही, समोरच्याला ते कळत नाही आणि तो तासभर मास्किंग करत बसतो, म्हणजे 'नॉर्मल' दिसायची ॲक्टिंग, आणि घरी जाऊन आडवा.

आता खरी गाडी अडते ती 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला. उत्तर येतं, 'माहीत नाही.' याला टाळाटाळ समजू नका. ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं जड जातं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. मग प्रश्न बारीक करा. काल मीटिंग संपल्यावर काय केलंत? जेवलात? कुणाशी बोलायची इच्छा होती का? जबडा आवळलेला होता? कुणी सांगतं, 'बाथरूममध्ये जाऊन वीस मिनिटं दिवा बंद करून बसलो.' झालं की, उत्तर मिळालं, भावनेचं नाव नंतर सापडेल, नाही सापडलं तरी काम अडत नाही. काहींना टाइप करून सांगणं सोपं जातं, मग समोरासमोर बसूनही चॅटवर बोला, त्यात कमीपणा कसला.

आणि संवाद फिसकटला की दोष क्लायंटच्या सोशल स्किल्सवर ढकलू नका. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२मध्ये 'डबल एम्पथी'ची कल्पना मांडली ती हीच, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. तुम्हालाही तो कळत नाहीये. मग सरळ विचारा, 'मी हे असं समजले, बरोबर आहे का?'

ध्येय ठरवताना एक प्रश्न हमखास विचारा: हे झालं तर तुमचं काय सोपं होईल? उत्तर 'घरचे बोलायचे थांबतील' असं आलं तर ते ध्येय घरच्यांचं आहे. पण कुणाला इंटरव्ह्यूपुरतं मास्किंग शिकायचं असेल तर लेक्चर देऊ नका, नोकरी त्याला हवी आहे, ठरवू दे त्याला.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी, वापरता येते, पण आहे तशी नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या ऑटिस्टिक प्रौढांसाठीच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: ठोस बोला, लिहून-दाखवून सांगा, रूपकं कमी, मध्ये ब्रेक घ्या, माणसाच्या आवडीचा विषय वापरा. 'विचार म्हणजे आकाशातले ढग' वगैरे ऐकून 'कुठले ढग?' असा प्रश्न आला तर तो रास्त आहे. आणि 'ऑफिसात लोक मला टाळतात' हा विचार चुकीचाच आहे असं धरून चालू नका. कदाचित टाळतही असतील. तसंच गोंगाटाचा त्रास होणाऱ्याला मुद्दाम गोंगाटात पाठवून सवय होईलच असं नाही, त्यापेक्षा हेडफोन घालू द्या.

एडीएचडीवाल्याचा होमवर्क कोरा परत आला तर सुरुवात कुठे अडली ते बघा. पहिली ओळ सेशनमध्येच लिहून घ्या, रिमाइंडर तिथेच लावा, होमवर्क अर्धा करा. तरी नाही झालं तर होमवर्कच बदला.

या सगळ्याला अफर्मिंग, म्हणजे माणसाला आहे तसा स्वीकारणारी, थेरपी म्हणतात, पण अफर्मिंग म्हणजे सगळं छानच आहे म्हणणं नव्हे हां. डिप्रेशनवर उपचार लागतात, एडीएचडीच्या गोळ्या कुणाला हव्या असतील तर सायकिॲट्रिस्टकडे पाठवा. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, त्यामुळे चेहरा शांत दिसला तरी आडून आडून न विचारता स्पष्ट शब्दांत विचारा.

शेवटची दहा मिनिटं राहिली की सांगा, एकदम 'वेळ झाली' नको. आणि 'आज माझं काय खटकलं?' हे तिथल्या तिथे विचारलं तर 'काही नाही' असंच येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मेसेजवर विचारा आणि जे येईल त्यातलं एक तरी पुढच्या सेशनला बदलून दाखवा.