वाफसा आल्याशिवाय टिलर शेतात घालू नका: वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या) भाजीसाठी सल्ला

परतीचा पाऊस ओसरला, भात कापून झाले की भाजीची घाई सुरू होते. दिवाळीनंतर चार दिवस कडक ऊन पडले की भाड्याचा छोटा टिलर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारे यंत्र) ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी खेर शेतात, म्हणजे भाताच्या खालच्या जमिनीत उतरतो. वरची माती सुकलेली दिसते, पण चार बोटे खाली अजून चिखलच असतो; वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आलेला नसतो. जानेवारीत मिरची-वांगी माना टाकतात, त्याचे मूळ पुष्कळदा या एका दिवसात असते.

ओल्या मातीत पाती माती फोडत नाहीत. थापीने गिलावा घोटावा तसा खालचा थर घोटतात. भाताच्या चिखलणीने खेर जमिनीत एक घट्ट थर आधीच असतो, त्यावर हा दुसरा बसतो. अशा वाफ्यातले वांग्याचे रोप उपटून पाहा. मूळ १०-१२ सेंटिमीटर खाली जाऊन काटकोनात आडवे वळलेले दिसेल, आणि खड्ड्याच्या तळाची माती नखाने खरवडली तर चकाकेल. पाणी दिले की ते या थरावर साचते आणि मुळे कुजतात. पाणी तोडले तर खालची ओल मुळांना मिळत नाही.

वाफसा असा पाहा. वीतभर खोल खड्डा काढून तळाची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर टिलर चालवा. नुसता चपटा झाला, किंवा बोटांत मातीची वळी वळली, तर थांबा. शेताच्या मध्यावर, मेरेजवळ (बांधाजवळ) आणि सर्वांत सखल कोपऱ्यात अशा तीन जागी पाहा, आणि निर्णय सखल कोपऱ्यावरून घ्या. आमचा एक अंदाज आहे: भाताच्या खुंटांमधल्या मातीचा काळपटपणा जाऊन तिच्यावर केसाएवढ्या भेगा दिसल्या की त्यानंतर साधारण तीन दिवसांनी वाफसा येतो. तरी गोळा टाकून पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. मरडीची, म्हणजे उंचावरच्या जमिनीची, जांभी माती उलट वागते. ती लवकर सुकून कडक होते, म्हणून दोन दिवस आधी हलके पाणी द्या.

हवामान खात्याने दोन-तीन दिवसांत पाऊस सांगितला असेल तर वाफसा असला तरी शेत उकरून ठेवू नका. भुसभुशीत माती पाणी पिऊन घेते आणि पुन्हा वाफसा यायला आठवडा जातो. टिलर दारात आलाच असेल तर त्या दिवशी मरडीचा तुकडा उरकून घ्या. खेर थांबू शकते.

माती मोकळी करणारे म्हणून दुकानात बाटलीतले द्रव मिळते. घोटलेला थर त्याने फुटत नाही. जास्त एचपीचे यंत्रही घेऊ नका, जड यंत्र ओली माती आणखी दाबते. काही गुंठ्यांच्या भाजीला ५ ते ७ एचपी पुरते. पैसे शेणखताला घाला: १०० चौरस मीटरला २०० ते २५० किलो. चुना मात्र माती तपासल्याशिवाय घालू नका. तपासणीसाठी विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

नेहमीची कामे:
- दगड, दोऱ्या, प्लास्टिक वेचणे
- इंजिन ऑइल सपाट जागी पाहणे, मेरेवर तिरके ठेवून नाही
- एअर फिल्टर रोज झाडणे
- पात्यांची धार पुढच्या दिशेला
- पहिली फेरी ५-७ सें.मी., दुसरी आडवी, १०-१५ सें.मी.
- पात्यांत अडकलेले गवत काढताना इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली
- गादीवाफे १५-२० सें.मी. उंच

लव्हाळा असलेल्या तुकड्यात टिलर घालायच्या आधी गाठी खणून काढा. पात्यांनी त्या सगळ्या शेतभर पसरतात.

ओल्यात टिलर चालून गेलाच असेल तर त्याच थरावर पुन्हा चालवू नका. माती पूर्ण सुकू द्या आणि लावणीच्या ओळींत कुदळीने २५ सें.मी. खोल फोडून घ्या. त्या हंगामात वांगी टाळून अळसांदे (चवळी) किंवा तांबडी भाजी (लाल माठ) घ्या. तांबड्या भाजीला १०० चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम बी बारीक रेतीत मिसळून फेका.

रोपे हिरवी असतानाच अचानक मलूल झाली तर खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा. पांढरट धागा पाण्यात उतरला तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. बुरशीनाशक विकत घेऊ नका, त्याचा उपयोग नाही. रोगट रोपे मुळासकट जाळा. पुढच्या लावणीआधी सरीत ब्लीचिंग पावडर हेक्टरी १५ किलो, म्हणजे १०० चौरस मीटरला १५० ग्रॅम द्या, पण ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) घातलेल्या शेणखताबरोबर नको, ट्रायकोडर्मा मरतो. भाड्याचा टिलर दुसऱ्याच्या शेतातून येतो, तेव्हा त्याच्या पात्यांची आणि चाकांची माती मेरेबाहेरच पाण्याने धुऊन मगच आत घ्या.